छोट्या ब्लाइंडच्या टेबलावर पैसे नेमके कुठे गळतात?

रिव्हरकाठी

विषय पोकरमधल्या नो लिमिट टेक्सास होल्डेमचा, तोही कॅश गेमचा. (नवख्यांसाठी: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, तो बोर्ड. त्यातली पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर; फ्लॉपआधीची फेरी प्रीफ्लॉप. दर फेरीला पैसे लावणं म्हणजे बेट, तेवढे भरणं कॉल, वाढवणं रेझ, पानं टाकणं फोल्ड, काहीच न लावता पुढे देणं चेक. मधे जमलेले पैसे म्हणजे पॉट.) प्रत्येकासमोर १०० बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला दोघांना सक्तीने भरावी लागते ती रक्कम म्हणजे ब्लाइंड, मोठी ती बिग, छोटी ती स्मॉल; बिग ब्लाइंडला पुढे नुसतं बीबी म्हणतो) आहेत असं धरून चालू. टूर्नामेंटवाल्यांनी थोडा दम धरावा.

लहान ब्लाइंडच्या, म्हणजे कमी पैशांच्या टेबलाबद्दल एक तक्रार सतत कानावर येते: "इथे कुणी फोल्डच करत नाही, चांगलं खेळून उपयोग काय?" माझ्या मते ही तक्रारच उलटी आहे. समोरचा फोल्ड करत नाही म्हणजे तुमच्या चांगल्या पानांना गिऱ्हाईक आहे. पैसे जातात ते वेगळ्याच वाटांनी. ढोबळमानाने चार दिसतात. बटणापासून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेपासून) लांब बसून नुसता लिंप (रेझ न करता फक्त बिग ब्लाइंडएवढे भरून आत येणं) करत राहणं. भाव न बघता ड्रॉच्या (जुळायला अजून एखादं पान हवं असलेल्या हाताच्या) मागे पळणं. जो कॉल करणारच आहे त्याच्यावर ब्लफ टाकणं. आणि रिव्हरला एखाद्या गरीब गाईसारख्या खेळाडूने अचानक मोठा रेझ टाकला तर "बघूया तरी" म्हणून पैसे भरणं.

चौथी सगळ्यांत महाग असं माझं म्हणणं. प्रीफ्लॉपच्या चुकीला १ ते ३ बीबी लागतात, रिव्हरच्या चुकीला ३० ते ७०. तुमचा क्रम काय? शक्यतो आकड्यांसकट सांगा, "अनुभवाने कळतं" नको.

निवांत

रुमाल टाकून ठेवतो.

बदामदुर्री

असहमत. रिव्हरची चूक मोठी दिसते, पण तिचं मूळ प्रीफ्लॉपला असतं. राजा-गुलाम ऑफसूट (वेगळ्या रंगांचे, जसे बदाम-किलवर; एकाच रंगाचे ते सूटेड) घेऊन पहिल्या जागेवरून आत शिरलात, फ्लॉपवर राजा आला, आणि आता एक्का-राजावाल्याला तीन वेळा कॉल करताय. रिव्हरला तुम्ही वाईट निर्णय घेतला असं म्हणता येईल, पण तो प्रसंग ओढवला कुणी? एक्का-पंजीची गोष्टही तीच. समोर एक्का-राजा असेल तर ती चारातल्या जेमतेम एका डावात जिंकते. शिवाय जिंकते तेव्हा छोटा पॉट मिळतो आणि हरते तेव्हा मोठा जातो.

नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून काय खेळावं याचा हिशोब देतो. पंज्यांपासून एक्क्यांपर्यंत सगळ्या जोड्या: १० जोड्या, प्रत्येकीची ६ कॉम्बिनेशन, म्हणजे ६०. एक्का-राजा आणि एक्का-राणी, सूटेड-ऑफसूट सगळे मिळून ३२. एक्का-गुलाम १६, राजा-राणी १६. एक्का-दश्शी सूटेड ४. राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी फक्त सूटेड, १२. बेरीज १४०. एकूण सुरुवातीची कॉम्बिनेशन १३२६, म्हणजे हे साडेदहा टक्के झाले. बाकीचे साडेएकोणनव्वद टक्के डाव पहिल्या जागेवर सरळ टाकायचे. बटणावर हाच आकडा ४० टक्क्यांपर्यंत गेला तरी चालतो, कारण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलता.

आणि "सूटेड होती म्हणून" हे कारण बंद करा. दोन पानं एका रंगाची असली तरी फ्लॉपवरच फ्लश (एका रंगाची पाच पानं) जुळण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे. फ्लश ड्रॉ मिळण्याची सुमारे ११ टक्के. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी टक्के वेळा तुमच्या हातात फक्त सत्ती आणि दुर्री असते.

उंटावरचा_शहाणा

सत्ती-दुर्रीचा असा जाहीर अपमान खपवून घेतला जाणार नाही. आमच्या टेबलावर तिला पहिल्या जागेवरूनही मान आहे.

गणिती_गोट्या

दुसऱ्या मुद्द्याचं गणित मांडतो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे आहे.

समोरच्याने अर्ध्या पॉटची बेट लावली तर कॉल परवडायला २५ टक्के शक्यता लागते. दोन तृतीयांशला साधारण २९, पूर्ण पॉटला ३३. (पॉट १०, बेट ५, तुमचा कॉल ५. एकूण २० मधले ५ तुमचे, म्हणून २५ टक्के. पाठांतर नको, एवढं टेबलावर बसून जमतं.)

गडबड पुढे होते. फ्लश ड्रॉला ९ आउट (हात जुळवणारी उरलेली पानं), फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत ३५ टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. ते ३५ दोन पानांचे आहेत. दोन्ही पानं त्याच भावात बघायला मिळाली तरच ते खरे, म्हणजे कुणीतरी ऑल-इन (समोरचे सगळे पैसे आत) असेल तेव्हा. एरवी टर्नवर दुसरी बेट येतेच. पुढच्या एका पानासाठी फ्लश ड्रॉची शक्यता १९ टक्के. अर्ध्या पॉटला हव्यात २५. म्हणजे नुसत्या भावावर हा कॉल तोट्याचा आहे, आणि जुळल्यानंतर जे पैसे मिळतील त्यांनी तो भरून निघायला हवा.

किती पैसे? पॉट १०, बेट ५ धरा. फ्लश ड्रॉ असेल तर जुळल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी ६ बीबी निघाले तरी बरोबरी होते. एवढे निघतात, म्हणून कॉल बरोबर. तोच डाव, पण बेट पूर्ण पॉटची असेल तर हा आकडा २२ वर जातो. आता विचार करायला हवा. आणि गटशॉट, म्हणजे मधलं एकच पान हवं असलेला स्ट्रेट (ओळीची पाच पानं), ४ आउट: अर्ध्या पॉटच्या बेटवरसुद्धा जुळल्यानंतर सरासरी ३९ बीबी मिळायला हवेत. गटशॉटवर अर्धा पॉट भरणारा माणूस दर वेळी थोडा थोडा पैसा दान करतो.

सावली

गोट्या, पण "जुळल्यावर मिळतील" हे आउटवरही अवलंबून असेल ना? टेबलावर तिसरं बदाम पडलं की सगळे एकदम शहाणे होतात.

गणिती_गोट्या

अगदी. तिसरं बदाम आंधळ्यालाही दिसतं. दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट ड्रॉ ८ आउटचा, म्हणजे फ्लशपेक्षा एक आउट कमी, पण जुळला तर लपून राहतो आणि पैसे जास्त मिळतात. शिवाय आउट स्वच्छ आहेत का ते बघा. बोर्डवर जोडी पडलेली असेल तर तुमचा फ्लश जुळूनही फुल हाउसपुढे (एकाची तीन, दुसऱ्याची दोन पानं) मार खातो. चौघे आत असताना तुमच्या हातात बदामाची छक्की-पंजी असेल, तर ९ आउटपैकी प्रत्येक आउट तुमचा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) घालवणाराही ठरू शकतो.

किलवर_सत्ती

सगळे "कमी भरा, कमी भरा" सांगताय. लहान टेबलावरची सगळ्यांत महाग चूक यादीत आलेलीच नाही: जिंकत असताना बेट न लावणं.

एक डाव घ्या. तुमच्याकडे एक्का-राणी, फ्लॉप राणी-अठ्ठी-तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. पॉट १० बीबी, समोर एकच माणूस, तो प्रत्येक फेरीला कॉल करतो. तिन्ही फेऱ्यांना पॉटच्या एक तृतीयांश बेट लावली तर ३.३, मग ५.६, मग ९.३. एकूण १८ बीबी मिळाले. दोन तृतीयांश लावली तर ६.७, १५.६ आणि ३६.३. एकूण ५८ च्या वर. बेटचा आकार दुप्पट, पण मिळकत तिपटीहून जास्त, कारण प्रत्येक बेट आधीच्या वाढलेल्या पॉटवर लागते. आणि टर्नला "पॉट कंट्रोल" म्हणून चेक केलंत तर तिसरी बेट दुसऱ्या बेटच्या मापाची होते. वरच्या हिशोबातले ३६ बीबी गेले.

"पण तो मागे असेल तरच ना?" मोजा की. एक राणी बोर्डवर, एक तुमच्याकडे, उरल्या दोन. राजा-राणी ८ कॉम्बिनेशन, राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८, गुलाम, दश्शी आणि नव्वीच्या जोड्या ६-६-६. कॉल करणारी आणि हरणारी ४२. तुम्हाला हरवणारी: राण्यांची जोडी १, अठ्ठ्या ३, तिर्र्या ३, राणी-अठ्ठी ६. एकूण १३. एक्क्यांची किंवा राजांची जोडी असती तर त्याने प्रीफ्लॉपलाच परत रेझ केला असता. ४२ विरुद्ध १३ असताना चेक करायचं कारण मला तरी दिसत नाही.

निवांत

आता रुमाल उचलतो आणि चटई टाकतो.

मधली_फळी

किलवरला पूर्ण अनुमोदन, फक्त हे गणित अशा माणसाविरुद्धचं आहे जो प्रीफ्लॉपला ठरावीक पानांवर कॉल करतो. जो ५० टक्के डाव खेळतो त्याच्याकडे एक्का-अठ्ठी, राजा-अठ्ठी, एक्का-तिर्री हेही असतात, आणि तोही दोन फेऱ्या सोडत नाही. तिथे ४२ चा आकडा आणखी वाढतो. उलट, चौघे आत असतील तर तीच एक्का-राणी घेऊन तीन मोठ्या बेटा लावायच्या नाहीत. दोनच, आणि कुणी रेझ केला तर थांबायचं.

बदामदुर्री

लिंपबद्दल राहिलं. टेबलावर तीन जण आधीच लिंप करून बसले असतील आणि तुमच्याकडे दश्श्या किंवा एक्का-राणी असेल तर ३ बीबीचा रेझ म्हणजे चौथा लिंपच. सगळे कॉल करतात. ४ बीबी आणि प्रत्येक लिंपरमागे १, म्हणजे इथे ७. तरीही तिघे येत असतील तर ९ करा. मोठ्या रकमेलाही चांगल्या पानांवर गिऱ्हाईक मिळत असेल तर ती रक्कम लावायची, "स्टँडर्ड" काय आहे ते विसरायचं.

रातकिडा

एक्के घेऊन मोठा रेझ केला तरी पाच जण येतात आणि एक्के फुटतात. त्यापेक्षा लिंप करून फ्लॉप बघितलेला बरा नाही का?

गणिती_गोट्या

नाही. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही डावाविरुद्ध ८५ टक्के जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६, पाच जणांविरुद्ध ४९. शेवटचा आकडा पुन्हा बघा. पॉटमध्ये तुमचे पैसे सहावा हिस्सा, आणि जिंकताय जवळपास अर्धे वेळा. म्हणजे घातलेल्या प्रत्येक १ बीबीचे जवळपास ३. निम्म्याहून जास्त वेळा "फुटतात" हे खरं, आणि तरीही तुमचा सगळ्यांत फायद्याचा डाव तोच. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि तेच पचत नाही.

चूक एक्के फुटण्यात नसते. नव्वी-अठ्ठी-सत्तीच्या बोर्डवर, त्यातली दोन एका रंगाची, चौघे आत, त्यात एकाने बेट आणि दुसऱ्याने रेझ केलाय, आणि तरी एका जोडीवर १०० बीबी टाकणं ही चूक.

उंटावरचा_शहाणा

एक्के फुटल्यावर टेबलावरच्या प्रत्येकाला सांगण्यात जो वेळ जातो, त्यात आणखी तीन डाव खेळून होतात. हाही तोटा धरा.

तळटीप

ब्लफबद्दल कुणीच आकडे दिले नाहीत म्हणून: अर्ध्या पॉटची बेट नुसत्या फोल्डवर फायद्यात यायला समोरचा ३३ टक्के वेळा उठायला हवा. दोन तृतीयांशला ४०, पूर्ण पॉटला ५०. एकटा असेल तर फ्लॉपवर हे जमतं, कारण जोडी नसलेली दोन पानं फ्लॉपवर जुळतात फक्त सुमारे ३२ टक्के वेळा. राजा-सत्ती-दुर्री, तीन रंग, समोर एकच माणूस: एक तृतीयांश पॉटची सी-बेट (प्रीफ्लॉपला रेझ करणाऱ्यानेच फ्लॉपवर लावलेली बेट) बिनधास्त लावा, तिला फक्त २५ टक्के फोल्ड पुरतात.

पण तिघे असतील तर? प्रत्येक जण अर्ध्या वेळा उठतो असं धरलं तरी तिघेही उठण्याची शक्यता साडेबारा टक्के. सवयीने लावलेली सी-बेट तिथे पैसे जाळते. माझ्या मते लहान टेबलावर मल्टिवे (दोनपेक्षा जास्त जण असलेल्या) पॉटमध्ये काहीच नसताना लावलेली सी-बेट ही रिव्हर कॉलच्या खालोखाल येते.

सावली

आणि दुसरी-तिसरी गोळी, म्हणजे टर्न-रिव्हरचा ब्लफ? समोरच्याने फ्लॉपला कॉल केला, टर्नलाही केला, मग रिव्हरला मोठी बेट लावून उठवायचं असं बरेच जण करतात.

तळटीप

ज्याने दोनदा कॉल केलाय त्याच्याकडे काहीतरी आहे, आणि ज्याच्याकडे काहीतरी आहे तो लहान टेबलावर उठत नाही. ब्लफ करायचाच असेल तर हातात ड्रॉ असताना फ्लॉपला आणि टर्नला करा, म्हणजे कॉल आला तरी मागे आउट असतात. रिव्हरला न जुळलेला ड्रॉ टाकून द्यायला शिकणं बहुतेकांना ब्लफ शिकण्यापेक्षा जास्त पैसे देईल.

रिव्हरकाठी

किलवरच्याच डावात माझा मूळ मुद्दा बसवून दाखवतो. एक्का-राणी, दोन तृतीयांशच्या तीन बेटा. प्रीफ्लॉपला ५ गेले, फ्लॉप-टर्नला २२.३. रिव्हरला मागे उरतात ७२.७. तुम्ही ३६.३ लावले. समोरचा रात्रभर फक्त चेक-कॉल करणारा माणूस, तो ऑल-इन टाकतो. पॉटमध्ये आता १६३, तुम्हाला भरायचे ३६.४. इथे जवळपास सगळे भरतात.

गणिती_गोट्या

भरणारच. ३६.४ भागिले २०० म्हणजे १८ टक्के. पाच-साडेपाच डावांत एकदा जिंकलं तरी पुरतं. एवढ्या भावाला टॉप पेअर टॉप किकर (बोर्डवरच्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी आणि सोबत एक्का) टाकणार?

रिव्हरकाठी

या माणसाविरुद्ध टाकणार. कॉम्बिनेशन मोजायची पद्धत इथेही लावा. रेझ करणारी आणि आपल्याला हरवणारी: १३. १८ टक्के व्हायला मागे असलेली फक्त ३ कॉम्बिनेशन रेझमध्ये हवीत. म्हणजे राजा-राणीच्या ८ पैकी ३ डाव तो इथे ऑल-इन करतो का, एवढाच प्रश्न. जो खेळाडू कधी रेझच करत नाही तो राजा-राणीने कॉल करून गप्प बसतो. आणि या बोर्डवर फ्लॉपपासून पाठलाग केलेला न जुळलेला फ्लश ड्रॉ असूच शकत नाही, तीन रंगांचा फ्लॉप आहे. ब्लफ आणणार कुठून?

गणिती_गोट्या

हे मान्य, पण "कधी रेझच करत नाही" ही माहिती खरी असेल तरच. नवीन माणूस बसलाय, दहा डाव बघितलेत, तर मी भरेन. आणि ज्याला टॉप पेअरने रेझ करताना एकदा पाहिलंय त्याच्याविरुद्ध तर नक्कीच भरेन. लोक एकदा "रिव्हरचा रेझ म्हणजे नट्स (अजिंक्य पानं)" वाचतात आणि मग कुणालाही, कुठल्याही भावाला टाकू लागतात. तीही गळतीच.

किलवर_सत्ती

हे भांडण टाळायचा एक मार्ग बेटच्या आकारात आहे. ऑल-इनपर्यंत जायचंच असं पक्कं असेल, उदाहरणार्थ इथे अठ्ठ्यांचा सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरची एक, मिळून तीन), तर तीन फेऱ्यांत सारख्या प्रमाणात पैसे आत जातील असा आकार निवडा. पॉट १०, मागे ९५. हे प्रमाण पॉटच्या साधारण ८६ टक्के येतं: ८.६, मग २३.३, मग ६३.१, संपले ९५. रिव्हरला निर्णयच उरत नाही. सेट घेऊन फ्लॉपला चेक करणारे हे गणित विसरतात. एक फेरी सोडली की उरलेल्या दोन फेऱ्यांत ९५ आत घालायला प्रत्येक वेळी पॉटच्या दीडपटीहून मोठी बेट लागते.

एक्का-राणीला मात्र रिव्हरला अर्धा पॉट लावा. कॉल तोच मिळतो आणि रेझला टाकताना छातीत कळ कमी येते.

मधली_फळी

हे सगळं १०० बीबीचं. समोरचा ३० बीबी घेऊन बसला असेल तर उलट चूक होते. रेझ झालेल्या पॉटमध्ये फ्लॉपवर पॉट १० आणि मागे २५, म्हणजे स्टॅक पॉटच्या अडीच पट. इथे टॉप पेअर घेऊन फोल्डचा विचारच करायचा नाही, टर्नपर्यंत सगळे आत. १० पटीच्या वर असेल तेव्हा एका जोडीने जपून. टेबलावर बसल्या बसल्या आधी प्रत्येकाचा स्टॅक बघा, पानं नंतर.

रातकिडा

लहान जोड्यांचं काय? पंजी-पंजी घेऊन सेट लावायला कॉल, मागे कॉलच्या १० पट पैसे असले की पुरे, असं वाचलंय.

बदामदुर्री

१० पट कमी आहेत. फ्लॉपवर सेट जुळतो ११.८ टक्के वेळा, म्हणजे ७.५ ला १. १० पट तेव्हाच पुरतील जेव्हा सेट जुळल्यावर जवळपास दर वेळी पूर्ण स्टॅक मिळेल. तसं होत नाही. बऱ्याचदा समोरच्याचं काहीच जुळलेलं नसतं आणि तो पहिल्या बेटला उठतो. १५ ते २० पट धरा. साध्या रेझला ३ बीबी भरायचे आणि मागे १०० आहेत, बिनधास्त. पण तुमच्या रेझवर कुणी थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) केली आणि आणखी ९ भरायचे, तर मागे ११ पट सुद्धा नाहीत. टाका.

तळटीप

अवांतर: समोरासमोर खेळणाऱ्यांसाठी. मोठं एकच चिप न बोलता पुढे ठेवलं तर तो कॉल धरतात, रेझ नाही. रेझ करायचा असेल तर आधी तोंडाने रक्कम सांगा, मग चिप ठेवा. आणि दोन खेपांत चिप पुढे सरकवू नका, पहिल्या खेपेचेच धरले जातात. एक्के हातात असताना हे झालं की बदामदुर्रीचं ७ बीबीचं गणित पाण्यात.

सावली

रेकबद्दल (टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून कापतो तो वाटा) कुणी बोललंच नाही. लहान टेबलावर तो टक्केवारीने सगळ्यांत जास्त चावतो.

गणिती_गोट्या

हो, महत्त्वाचं. ५ टक्के रेक, आणि तो कमाल मर्यादेला पोचलेला नाही असं धरा. अर्ध्या पॉटच्या बेटला २५ ऐवजी २६.३ टक्के लागतात (पॉट १००, बेट ५०, कॉल ५०: २०० मधून १० वजा, ५० भागिले १९०). दिसायला फरक छोटा, पण तो जेमतेम परवडणाऱ्या सगळ्या कॉलना खाऊन टाकतो. बऱ्याच ठिकाणी फ्लॉप न उघडता पॉट मिटला तर रेक घेत नाहीत. म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून नुसता कॉल करण्यापेक्षा थ्री-बेट किंवा फोल्ड बरं. नुसत्या कॉलने वाईट जागा, मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा, आणि वर रेक.

बिग ब्लाइंड वेगळा. २.५ बीबीचा रेझ आला तर १.५ भरून ५.५ चा पॉट, २७ टक्के पुरतात. तिथे रुंद खेळा. ब्लाइंडमध्ये तोटा होणारच. सहा जणांच्या टेबलावर प्रत्येक डाव टाकत बसलात तरी १०० डावांमागे २५ बीबी जातात. ब्लाइंडचं काम तो तोटा कमी करण्याचं आहे.

निवांत

मग क्रम काय लागला? रिव्हरकाठींनी प्रश्न विचारून धागा दुसरीकडेच नेऊन ठेवला.

मधली_फळी

क्रम माणसागणिक बदलतो, आणि तो तपासता येतो. ऑनलाइन खेळत असाल तर ट्रॅकरमध्ये (डावांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन आकडे बघा: किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घातले, आणि किती टक्के डावांत प्रीफ्लॉपला रेझ केला. सहा जणांच्या टेबलावर २४ आणि १९ च्या आसपास असेल तर प्रीफ्लॉप तुमचा रोग नाही, पुढे शोधा. ३८ आणि ८ असेल तर बदामदुर्रीचं ऐका, बाकी सगळं नंतर. फ्लॉप बघितलेल्या डावांपैकी शोडाउनपर्यंत (शेवटी पानं उघडेपर्यंत) जाण्याचं प्रमाण ३५ च्या वर असेल तर रिव्हरकाठींचा रिव्हर. २३ च्या खाली असेल तर तुम्ही गोट्याने सांगितलेले भाव सोडताय.

फक्त चार दिवसांचे आकडे बघून निष्कर्ष नकोत. १०० डावांमागे ५ बीबी कमावणाऱ्या खेळाडूचं प्रमाण विचलन (कमाईतला चढउतार) दर १०० डावांना साधारण ९० बीबी धरा. १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० बीबी आणि त्यावरचं विचलन ९०० बीबी. म्हणजे चांगला खेळणारा १०,००० डावांनंतरही खड्ड्यात असू शकतो. म्हणून तर ३० बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) बाजूला ठेवायला सांगतात.

किलवर_सत्ती

माझा क्रम: बेट न लावणं, मग नको तिथे कॉल, मग प्रीफ्लॉप. रिव्हरकाठींचा पहिला माझा दुसरा, एवढंच.

बदामदुर्री

माझा उलटा, आणि तुम्ही दोघे मोठ्या आकड्यांना भुलताय. रिव्हरचे ३६ बीबी कधीतरी जातात. पहिल्या जागेवरचा लिंप दर फेरीला.

सावली

किलवर, तुमच्या डावात टर्नला राजा पडला तर? राणी-अठ्ठी-तिर्री, मग राजा. पुन्हा दोन तृतीयांश?

किलवर_सत्ती

नाही, इथे बदल. राजा-राणीची ६ कॉम्बिनेशन आता दोन जोड्या होऊन पुढे गेली, म्हणजे हरवणारी १३ ची १९ झाली. मागे राहिलेली राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८, आणि गुलाम, दश्शी, नव्वीच्या जोड्या १८, पण राजा बघून त्यांतल्या काही उठतात. तुम्ही शेवटी बोलत असाल तर टर्नला चेक, आणि रिव्हरला त्याने परत चेक दिला तर अर्धा पॉट. आधी बोलत असाल तर टर्नला एक तृतीयांश लावा. त्यावर रेझ आला तर टाका, मग तो कितीही गरीब दिसत असला तरी.

रातकिडा

आणि राजाऐवजी चौकी पडली तर?

किलवर_सत्ती

चौकीने कुणाचं काय बिघडतंय? १५.६.